जुन्या रोड सायकलच्या ब्रेक लीव्हरचे हूड: न फाडता बदलण्याची पद्धत

जुन्या रोड सायकलच्या ब्रेक लीव्हरवरचे रबरी आवरण, म्हणजे हूड, बदलताना नवे हूड फाटले तर ते बहुधा दोनच जागी फाटते: वरच्या केबलच्या भोकाजवळ, किंवा लीव्हरचे पाते ज्या फटीतून बाहेर येते तिच्या कोपऱ्यात. दोष रबराला दिला जातो, पण बहुतेक वेळा हूड चुकीच्या बाजूने चढवलेले असते, केबल जागेवरच ठेवलेली असते, किंवा रबर कोरडे असतानाच जोर लावलेला असतो. पायऱ्यांचा क्रम पाळला तर हे काम घरी, साध्या हत्यारांनी, एका संध्याकाळीत होते. फक्त वाळण्यासाठी रात्रभर थांबावे लागते.

ज्या लीव्हरची केबल वरच्या टोकातून निघून हँडलबारच्या पुढे कमान करून जाते, त्या लीव्हरसाठी हा लेख आहे. कॅम्पान्योलोचे रेकॉर्ड आणि नुओवो रेकॉर्ड, तसेच वाइनमान व डायाकॉम्पे या कंपन्यांचे १९७० च्या दशकातील आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील लीव्हर या प्रकारात येतात. केबल हँडलबारवर गुंडाळलेल्या टेपखालून नेणाऱ्या नंतरच्या साध्या लीव्हरलाही हूड चढवण्याची पायरी जशीच्या तशी लागू पडते. गिअर बदलण्याची यंत्रणा पोटात असलेल्या लीव्हरची रीत मात्र वेगळी आहे, त्यांना ही पद्धत लावू नये.

१. लीव्हर ओळखा, मगच हूड मागवा

‘जुन्या सायकलचे हूड’ एवढ्याच वर्णनावर मागवलेली जोडी बसण्याची शक्यता फार कमी असते. लीव्हरच्या अंगावर किंवा पात्यावर कोरलेले नाव आधी वाचावे. ते झिजले असेल, तर जुन्या हूडची मागची कड थोडी उलटून आतल्या धातूवर काही अक्षरे दिसतात का ते पाहावे. त्यानंतर केबलचे भोक नेमके कुठे आहे, केबल ढिली करण्याचे बटण लीव्हरवर आहे की नाही, पाते ज्या खिळीवर फिरते तिचे टोक बाजूला बाहेर आलेले आहे का, आणि लीव्हरचा सर्वांत जाड भाग किती जाड आहे, या चार गोष्टी टिपून घ्याव्यात. जाडी मोजण्यासाठी त्या भागाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर धरला तरी पुरते.

कॅम्पान्योलोच्या रेकॉर्ड ब्रेकमध्ये केबल ढिली करण्याची सोय कॅलिपरवर, म्हणजे चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावर असते, त्यामुळे त्याच्या हूडला बटणासाठी भोक नसते. वाइनमान आणि डायाकॉम्पेच्या काही लीव्हरवर मात्र बटण असते, आणि त्याची जागा मोकळी न ठेवणारे हूड तिथे बसत नाही. हँडलबारच्या सपाट भागावरून ओढता येणारे जोडपाते असलेल्या लीव्हरची खिळी लांब असते व तिचे टोक बाजूला बाहेर येते. अशा लीव्हरवर साधे पूर्ण हूड बसवण्याचा हट्ट धरू नये. माफाक कंपनीच्या काही लीव्हरवर मुळातच अर्धे हूड असते. त्यांना पूर्ण हूड बसेलच असे गृहीत धरू नये.

हूड मिळत नाही म्हणून लीव्हरच बदलून टेपखालून केबल नेणारे बसवावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानण्यापूर्वी सायकल कशासाठी ठेवली आहे याचा विचार करावा. इटलीतील तोस्कानामध्ये होणाऱ्या लेरोइका या जुन्या सायकलींच्या फेरीत साधारण १९८७ पर्यंतची सायकल आणि हँडलबारच्या बाहेरून जाणाऱ्या ब्रेक केबली अपेक्षित असतात. परदेशात राहणाऱ्या ज्या वाचकांना अशा फेरीत जुनी सायकल न्यायची आहे, त्यांनी मूळ लीव्हर जपावेत.

‘न वापरलेले, पण जुने’ हूड विकत घेताना विशेष जपावे. नैसर्गिक रबर डब्यात पडून राहिले तरी हवेने आणि उष्णतेने म्हातारे होतेच. हूडची मागची कड दोन बोटांत धरून हळूच वाकवावी. वळणावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर ते हूड संग्रहात ठेवण्यापुरतेच आहे, ताणण्याजोगे नाही.

तपासणी: नवे हूड हातात घेतल्यावर लीव्हरपेक्षा थोडे लहान वाटले, तर ते परत पाठवू नका. घट्ट बसूनच ते जागेवर राहते. मात्र केबलचे भोक आणि पात्याची फट यांच्यातले अंतर जुन्या हूडशी जुळत नसेल, तर ते दुसऱ्याच लीव्हरचे आहे. म्हणूनच नवे हूड बसेपर्यंत जुन्याचे तुकडेसुद्धा टाकून देऊ नयेत.

२. तयारी

कॅलिपरवरील केबलच्या नटाच्या मापाचा पाना (बहुधा ८, ९ किंवा १० मिमी), वायर कटर, धारदार ब्लेड, आइस्क्रीमची लाकडी काडी, जुना टूथब्रश, सुती फडके, भांडी घासण्याचे द्रव साबण, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि गरम पाण्याचे पातेले जवळ ठेवावे. लीव्हर सरकवायचा असेल तर त्याच्या पोटातील नटासाठी लांब दांड्याचा बॉक्स पाना लागतो. कॅम्पान्योलोला तो ८ मिमीचा लागतो. काही लीव्हरमध्ये आडव्या खाचेचा स्क्रू किंवा ५ मिमीची ॲलन चावी लागणारा बोल्ट असतो. केबलच्या आतल्या वायर आणि त्यांच्यावरचे नळीसारखे आवरण, म्हणजे आउटर, नवे आणून ठेवणे शहाणपणाचे. जुनी वायर एकदा बाहेर आली की तिचे चेपलेले, विस्कटलेले टोक पुन्हा आउटरमध्ये सहसा शिरत नाही.

हूड कशाने निसरडे करायचे, याबद्दल सर्वांत जास्त चुका होतात. तेल, ग्रीस, रॉकेल, पेट्रोल किंवा गंज सोडवणारा फवारा यांपैकी काहीही वापरू नये. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते आणि काही महिन्यांत हाताला चिकटू लागते. शिवाय आत राहिलेले तेल वाळत नाही, त्यामुळे हूड लीव्हरवर फिरतच राहते. हात निर्जंतुक करण्याचे जेलही टाळावे, कारण अल्कोहोल उडून गेले तरी त्यातला बुळबुळीतपणा मागे राहतो. चांगले काम देतात ती दोनच द्रव्ये: आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि ते नसेल तर साबणाचे पातळ पाणी. अल्कोहोल मिनिटा-दोन मिनिटांत उडू लागते, म्हणून ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा लावावे लागते. पण वाळल्यावर ते मागे काही ठेवत नाही, म्हणून माझी पसंती त्यालाच आहे. साबणाचे पाणी अधिक वेळ निसरडे राहते, पण वाळायला पूर्ण रात्र घेते, आणि पावसाळ्यात कोकणासारख्या दमट हवेत तर दोन रात्रीही.

सावधान: आयसोप्रोपिल अल्कोहोल चटकन पेट घेते. पाणी गॅसवर गरम करून झाल्यावर गॅस बंद करावा, आणि अल्कोहोलचे काम खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खोलीत करावे.

काहीही सोडवण्यापूर्वी दोन्ही लीव्हरची समोरून आणि बाजूने छायाचित्रे घ्यावीत. हँडलबारच्या खालच्या टोकापासून पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. उजवा लीव्हर पुढचा ब्रेक ओढतो की मागचा, हेही लिहावे. भारतात आणि ब्रिटनमध्ये उजवा हात पुढच्या ब्रेकसाठी असतो, तर अमेरिकेत आणि युरोपातल्या अनेक देशांत डावा. परदेशातून आलेल्या सायकलवर याची खात्री न करता केबली उलटसुलट जोडल्या, तर पहिल्याच घाईच्या ब्रेकला अपघात होऊ शकतो.

३. केबल पूर्ण काढा

कॅलिपरवरचा नट ढिला करून वायर सोडवावी. वायरच्या टोकावरची लहान टोपी पकडीने काढावी आणि चेपलेला भाग वायर कटरने कापून टाकावा. मग पाते हँडलबारकडे पूर्ण ओढून, आतल्या गाळ्यात अडकलेले वायरचे फुगीर टोक खालून ढकलावे आणि वायर बाहेर घ्यावी. आउटरही लीव्हरच्या वरच्या टोकातून काढावे. आउटर जिथे बसते तिथे धातूची लहान टोपी असेल, तर ती निसटून हरवण्यापूर्वी वाटीत ठेवावी.

ही पायरी गाळण्याचा मोह मोठा असतो, कारण केबल काढली की ब्रेक पुन्हा लावावे लागतात. माझ्या पहिल्या जोडीतले एक हूड मी आउटर तसेच ठेवून चढवले होते. भोकाच्या कडेला जेमतेम मिलिमीटरभराचा काप गेला होता, तो मला त्या दिवशी दिसलाही नाही; आठवडाभरात तो फटीपर्यंत पोहोचला आणि हूड दोन पाकळ्यांसारखे उघडले. तेव्हापासून केबल बाहेर काढल्याशिवाय मी नव्या हूडला हात लावत नाही.

४. जुने हूड काढा

जुने हूड कडक होऊन तडकले असेल, तर ते वाचवण्याचा प्रयत्न करू नये. ब्लेडने त्याला खालच्या बाजूने, पात्याच्या फटीपासून मागच्या कडेपर्यंत, उभा छेद द्यावा. ब्लेड खोल न दाबता दोन-तीन वेळा हलके फिरवावे आणि शेवटचा पातळ थर बोटांनी फाडावा, म्हणजे ॲल्युमिनियमवर ओरखडा उठत नाही. हूड अजून मऊ असेल आणि ते नमुना म्हणून जपायचे असेल, तर गरम पाण्यात भिजवलेले फडके त्याभोवती पाच मिनिटे गुंडाळून ठेवावे, मागच्या कडेखाली लाकडी काडी सरकवून आत अल्कोहोलचे काही थेंब सोडावेत, आणि हूड पात्याच्या दिशेने, पुढे ओढून काढावे. रबर चिघळून डिंकासारखे झाले असेल, तर अल्कोहोलमध्ये भिजवलेले फडके आणि लाकडी काडी यांनी ते थोडे थोडे खरवडावे. लोखंडी पेचकस वापरू नये.

५. उघड्या लीव्हरची तपासणी

हूडखाली वर्षानुवर्षे घाम साठतो, आणि ॲल्युमिनियमवर पांढरी, भुकटीसारखी पुटे चढतात. ती साबणाचे पाणी आणि टूथब्रश यांनी काढावीत, कोरड्या फडक्याने पुसावीत आणि अल्कोहोलचा शेवटचा हात फिरवावा.

आता लीव्हर उजेडात धरून त्याची खिळीभोवतीची जागा आणि हँडलबारला टेकणारी मागची कड नीट पाहावी. एखादी रेघ ओरखडा आहे की तडा, अशी शंका आली तर नख आडवे फिरवावे. नख अडकले आणि रेघ कडेपर्यंत जात असेल, तर तो तडा समजावा. तडा गेलेल्या लीव्हरवर नवे हूड चढवणे म्हणजे धोका झाकून ठेवणे आहे. तो लीव्हर बदलावा, दुसरा इलाज नाही. हँडलबारला आवळणारी धातूची पट्टी आणि तिच्या बोल्टचे आटे हेही याच वेळी पाहून घ्यावेत.

६. लीव्हर आधी जागेवर पक्का करा

हूड चढवण्यासाठी लीव्हर हँडलबारवरून उतरवावा लागत नाही. उलट तो हँडलबारवर पक्का असलेला बरा, कारण मग हँडलबारच शिकंजाचे काम करतो आणि दोन्ही हात रबरासाठी मोकळे राहतात. लीव्हरची जागा चुकलेली असेल तर मात्र ती आताच दुरुस्त करावी. हूड चढवून, केबल जोडून, टेप गुंडाळून झाल्यावर लीव्हर वाकडा असल्याचे लक्षात आले, तर सगळे काम उलट क्रमाने पुन्हा करावे लागते.

पाते पूर्ण ओढले की पोटात खोल नट दिसतो. तो तीन-चार फेरेच सैल करावा. पूर्ण काढला तर आतली पट्टी टेपखाली फिरते आणि तिच्या आट्यांत नट पुन्हा धरवणे फार किचकट होते. या सायकलींवरची नेहमीची जागा अशी असते: हँडलबारच्या खालच्या सरळ भागाला लाकडी पट्टी खालून लावली, की पात्याचे टोक त्या पट्टीला टेकते. दोन्ही बाजू मोजून सारख्या कराव्यात, पुढून पाहून पाती समांतर आहेत का ते पाहावे, आणि नट आवळावा. पट्टी जुनी असते, तिला अतोनात पिळू नये. दोन्ही हातांनी जोर लावूनही लीव्हर बाजूला फिरत नाही, इतके आवळणे पुरेसे आहे.

७. नवे हूड चढवा

या कामातली सर्वांत नाजूक पायरी ही आहे. तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

दिशा आधी पक्की करावी. हूडचे मागचे, मोठे तोंड पुढे करून ते पात्याच्या टोकाकडून चढवायचे असते. पाते मोठ्या तोंडातून आत जाते आणि पुढच्या फटीतून बाहेर येते. लीव्हरचे जाड अंग फक्त मोठ्या तोंडातून जाते, अरुंद फटीतून कधीच नाही. लीव्हर उतरवून हूड मागून, पट्टीच्या बाजूने घालण्याचा प्रयत्न केला, तर तेच जाड अंग अरुंद फटीतून ओढावे लागते, आणि कोपरे तिथेच फाटतात.

हूड गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटे बुडवून ठेवावे. पाणी अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडे अधिक गरम, पण बोट क्षणभर बुडवता येईल इतपत असावे. उकळत्या पाण्यात टाकू नये. हूड मऊ झाले की बाहेर काढून झटकावे आणि त्याच्या आत व लीव्हरच्या अंगावर अल्कोहोल भरपूर लावावे.

मग पाते मोठ्या तोंडात घालून टोक फटीतून बाहेर घ्यावे आणि हूड वर सरकवावे. पात्याच्या लांबीवरून ते सहज जाते, आणि खिळीजवळ, जिथे लीव्हर सर्वांत रुंद असतो, तिथे अडते. इथे लोक हूडची पुढची बाजू मुठीत धरून जोराने ओढतात, आणि नेमके तिथेच ते फाटते. ओढू नये. मोठ्या तोंडाची कड दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला ताणून एक बाजू खिळीच्या पलीकडे न्यावी, ती डाव्या हाताने धरून ठेवावी, आणि मग दुसरी बाजू न्यावी. सायकलच्या चाकावर टायरची शेवटची कड चढवताना आपण जशी थोडी थोडी आत घेतो, तशीच ही हालचाल आहे. नखे कापलेली असावीत. रबर ताणले जाते तिथे त्याचा रंग फिकट होतो. एखाद्या ठिकाणी पांढुरका पट्टा दिसू लागला की थांबून कड सैल सोडावी, पुन्हा अल्कोहोल लावावे आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी. रबर कोरडे पडले की ते धातूला कुरकुरत चिकटते. तो आवाज आला की पुढे रेटू नये.

रुंद भाग ओलांडला की उरलेले हूड एका झटक्यात मागे सरकते. तेव्हा तळहाताने ते वरून दाबत मागे न्यावे, आणि केबलचे भोक लीव्हरच्या वरच्या तोंडावर येईपर्यंत डावीकडे-उजवीकडे हलके फिरवावे. अल्कोहोल वाळण्यापूर्वी ही जुळणी पूर्ण करावी.

तपासणी: भोकातून आत पाहिल्यावर धातूचे तोंड पूर्ण गोल दिसले पाहिजे. चंद्रकोरीसारखा भाग झाकलेला दिसत असेल, तर आउटर घालताना रबर कापले जाईल. पाते पूर्ण ओढून सोडावे. ते कुठेही रबरात न अडकता आपोआप परत आले पाहिजे.

८. वाळू द्या

दोन्ही हूड बसल्यावर मागची कड थोडी उलटून ठेवावी, म्हणजे आतला ओलावा बाहेर पडतो. सायकल रात्रभर सावलीत, हवेशीर जागी ठेवावी. लवकर वाळावे म्हणून उन्हात ठेवू नये, कारण रबर सर्वांत लवकर खराब होते ते उन्हानेच. सकाळी हूड मुठीत धरून जोराने पिळून पाहावे. ते फिरले, तर अजून एक दिवस थांबावे. हूडवर हात ठेवून उतारावर ब्रेक दाबताना मूठ फिरली, तर सायकलवरचा ताबा सुटतो.

९. केबल परत जोडा

नवी वायर पात्याच्या बाजूने गाळ्यातून घालून वरच्या तोंडातून बाहेर घ्यावी आणि तिचे फुगीर टोक गाळ्यात नीट बसले आहे का ते पाहावे. आउटरचे टोक कापल्यावर ते कानशीने सपाट करावे, नाहीतर कापलेल्या तारेची धार हूडच्या भोकाची कड हळूहळू खाते. वायरला तेलाचा हात द्यायचा असेल तर तो आउटरमध्ये जाणाऱ्या भागापुरताच द्यावा, आणि हूडजवळचा भाग कोरडा पुसून घ्यावा. आउटरची कमान इतकी मोठी ठेवावी की हँडलबार दोन्ही बाजूंना पूर्ण वळवला तरी ते ताणले जात नाही.

कॅलिपरवरचा नट आवळून लीव्हर दहा-पंधरा वेळा पूर्ण जोराने दाबावा. नवे आउटर दबून बसते आणि वायर सैल पडते, म्हणून ती पुन्हा ओढून आवळावी. ब्रेकचे रबर रिमपासून दोन्ही बाजूंना २ ते ३ मिमी दूर असावे. पूर्ण दाबल्यावरही पाते आणि हँडलबार यांच्यात दोन बोटे अंतर राहिले पाहिजे.

१०. टेप

जुनी टेप धड असेल आणि लीव्हर हलवला नसेल, तर ती तशीच ठेवता येते. नवी टेप गुंडाळायची असेल तर हूडची मागची कड पुढे दुमडून ठेवावी, आवळणारी पट्टी झाकण्यासाठी टेपचा लहान तुकडा आधी लावावा, आणि टेप लीव्हरच्या बुडाशी अगदी लगटून न्यावी. सगळे झाल्यावर कड परत मागे उलटावी, म्हणजे ती टेपच्या कडेवर बसते आणि धातू कुठे उघडा राहत नाही. जाड टेपचे थर इथे एकावर एक आले तर कड वर उचललेली राहते आणि महिनाभरात तिथून फाटू लागते. पातळ सुती टेपला ही अडचण येत नाही, म्हणून या लीव्हरवर मी तीच वापरतो.

११. पहिली फेरी

रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर आधी हळू चालवत एकेक ब्रेक स्वतंत्र दाबून पाहावा, आणि कोणता हात कोणते चाक थांबवतो याची खात्री करावी. साधारण दहा किलोमीटरनंतर घरी येऊन वायरचा ताण पुन्हा तपासावा, लीव्हर बाजूला फिरतो का ते पाहावे, आणि केबलच्या भोकाभोवतीचे रबर बोटाने दाबून नवा काप पडलेला नाही ना हे पाहावे. सुरुवातीचा अर्धा मिलिमीटरचा काप इथेच सापडतो, आणि अशा वेळी बहुतेकदा आउटरचे टोकच धारदार राहिलेले असते: केबल सोडवून ते पुन्हा कानशीने घासावे.

पुढे प्रत्येक लांब फेरीनंतर हूड साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावेत, आणि सायकल खिडकीतल्या उन्हात उभी करू नये.